वीस सालांचा डबा

वारंगा फाट्यावर कोणालाबी विचारा, विश्वंभरनं काय केलं म्हून. जो तो तिखटमीठ लावून सांगंल, आन् सांगताना माझ्याच सेंटरवर काढलेला सातबारा हातात धरून सांगंल. दुसऱ्यानं भर घालून सांगण्यापरीस आपलं आपणच सांगितलेलं बरं. मी काय कोणाला भेत न्हाई.

माझं ऑनलाइन सेंटर हाय. आधार, पॅन, रेशनची केवायसी, पीकविमा, निराधारचा पगार, सगळं माझ्या अंगठ्याच्या मशीनवरून जातं. सकाळी शटर वर करायच्या आधी दहा जण पायरीवर बसलेले असतात. पर वीस सालाखाली ह्याच जागी माझा एसटीडी बूथ व्हता. काचेची केबिन, लाल आकड्यांचं मीटर, भिंतीला टेकवलेली दोन बाकडी. सासरी गेलेल्या पोरी फोन करायच्या, आईला बोलवा म्हणायच्या, आन् मी माणूस धाडायचो, पार ज्ञानबाच्या मेंढरांच्या वाड्यापर्यंत. फाट्यावर माझा शब्द म्हंजे शब्द व्हता.

तवा पाडव्याला गावातले जोशीबुवा हिरासिंगच्या हॉटेलात येऊन पंचांग वाचायचे. पाऊस किती, पीक किती, कोणत्या राशीला तकलीफ. दोन हजार पाचच्या पाडव्याला हिरासिंगनं त्यांना मधीच अडवलं. म्हटला, बुवा, पावसापाण्याचं ऱ्हाऊ द्या, आमच्या दुकानात कोणता माल चालंल आन् कोणता बसंल ते सांगा. बुवा म्हटले, ते पंचांगात न्हाई. मग आमीच ठरवलं, आपलं पंचांग आपण लिवायचं. फाट्यावरच्या अकरा दुकानदारांनी एकेक चिठ्ठी द्यायची, वीस सालांनी काय ऱ्हाईल आन् काय जाईल म्हून. चिठ्ठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालायच्या, डबा कथील वितळवून झाळून बंद करायचा, आन् वीस सालांनी पाडव्यालाच फोडायचा. जो सगळ्यात जास्त चुकला त्याच्या गळ्यात मेलेल्या मालाची माळ घालायची आन् त्यानं सगळ्यांना चहा वाटायचा. ज्याची प्रत्येक ओळ खरी निघंल त्याला काय द्यायचं, ते तवा बघू म्हटलं.

अकरातल्या सात जणांच्या चिठ्ठ्या माझ्याच हातच्या. कोणाला लिवता येत नव्हतं, कोणाला लाज वाटत व्हती. अक्षर माझं मोत्यावानी. सही कोणीबी मारतं, म्हून ज्याच्या त्याच्या नावाखाली अंगठा घ्यायचं ठरलं. बूथवरचं निळ्या शाईचं पॅड मीच आणलं.

युसूफभाईची चिठ्ठी बी मीच लिवली. युसूफभाई म्हंजे घड्याळवाला. कडुलिंबाखाली त्याचा लाकडी खोका व्हता, समोर काच, आत हा माणूस डोळ्याला भिंग लावून बसलेला. उर्दू वाचायचा, मराठी अक्षर त्याला येत नव्हतं. त्यानं चार ओळी सांगितल्या, मी लिवल्या. अंगठा लावला तर कागदावर नुसता निळा डाग उठला, रेघ म्हणून एक न्हाई. तीस साल बारीक चाकं चिमटीत धरून, पेट्रोलात धुऊन, पितळ घासून त्याच्या अंगठ्यावरच्या रेघा पार गेल्या व्हत्या. हिरासिंग म्हटला, हा अंगठा हाय का गुळाचा डाग? सगळे हसले, तोबी हसला. ही गोष्ट तुमी ध्यानात ठेवा, मी इसरलो व्हतो.

डबा झाळायचं कामबी त्यानंच केलं. केसावानी बारीक सांधा. डबा हिरासिंगच्या गल्ल्यावरच्या फळीवर देवाच्या फोटोजवळ जाऊन बसला, आन् वीस साल तिथंच ऱ्हायला.

आता खरं सांगतो, मला युसूफभाईचा राग यायचा. त्यानं माझं काही घोडं मारलं नव्हतं. पर हा माणूस कोणाला वाईट बोलायचा न्हाई, आन् लोक त्याच्याकडं ज्या नजरेनं बघायचे त्या नजरेनं माझ्याकडं कधी बघितलं न्हाई. माझ्याकडं काम असलं की येणार, काम झालं की उठणार. त्याच्या खोक्यापाशी मात्र बिनकामाचे तास तास बसणार. ज्ञानबा मेंढरं रस्त्याच्या कडंला बसवून त्याच्याशी गप्पा मारायचा. मी बूथ बंद केला, मोबाइलचे रिचार्ज विकले, झेरॉक्स घातली, सेंटर काढलं. दर पाच सालांनी कात टाकली. हा घड्याळवाला घड्याळवालाच ऱ्हायला, आन् तरी त्याची इज्जत माझ्याहून जास्त. जळायचं न्हाई तर काय करायचं माणसानं?

म्हून रेशनची केवायसी निघाली तवा मला बरं वाटलं. खोटं काहून बोलू. त्याचा अंगठा मशीनवर उठायचा न्हाई. पुसून लावा, तेल लावून लावा, दुसरं बोट लावा, मशीन लाल दिवाच दाखवायचं. तीन साल हेच चाललं. रांगेत पंधरा माणसं असताना मी मोठ्यानं म्हणायचो, युसूफभाई, तुमच्या अंगठ्याला रेघाच न्हाईत, सरकारला तुमी दिसतच न्हाई. लोक हसायचे. त्याचं नाव कार्डावरनं दोनदा कटलं. बुबुळावरनं माणूस वळखणारं डोळ्याचं मशीन माझ्या कपाटात व्हतं, त्यावर त्याचं काम पाच मिनिटांत झालं असतं. त्याला सांगितलं, मशीन बिघडलंय. तर हा म्हणतो कसा, आणा की इकडं, मी बघतो दुरुस्त होतं का.

मग रस्ता रुंद झाला. खोके उठले. युसूफभाईचा खोका बुलडोझरनं न्हाई, त्यानं स्वतः स्क्रू काढून उठवला, फळी न् फळी मोजून घरी नेली. ग्रामपंचायतीनं नवे गाळे बांधले, वाटप झालं, आन् कोपऱ्यावरचा एक गाळा उरला. रोडटच. त्याला दोघंच हकदार, एक युसूफभाई आन् दुसरा मी, माझ्या प्रभूसाठी. प्रभू माझा थोरला, अठ्ठावीस सालाचा घोडा झालेला, सोयरीक जमंना. मुलीवाले पहिलं विचारतात, पोराचं सोताचं काय? बापाच्या सेंटरवर बसतो म्हटलं की चहा न पिता उठतात.

युसूफभाईला गाळा पाहिजे व्हता तो फरहीनसाठी, त्याच्या पोरीसाठी. तिनं नांदेडला जाऊन मोबाइल दुरुस्तीचं शिक्षण घेतलं व्हतं. बाप-लेक दोघं घरच्या ओसरीत टेबल टाकून बसायचे, पर गल्लीच्या आतल्या घरात गिऱ्हाईक कोण जाणार? पोरीनं पाटीबी रंगवून ठेवली व्हती, ‘युसूफ घड्याळ व मोबाइल दुरुस्ती’. गाळा भेटला न्हाई तर हट्टा गावाला फरहीनच्या मामाच्या, वासिफच्या किराणा दुकानात जाऊन बसायचं, आन् वारंग्याचं घर मोडायचं, असं त्यांचं ठरलं व्हतं. हे सगळ्या फाट्याला म्हाईत व्हतं. मलाबी व्हतं.

ग्रामपंचायत म्हटली, तुमी दुकानदारच आपसात ठरवा. आपसात ठरंना. तवा हिरासिंगला डब्याची आठवण आली. म्हटला, येत्या पाडव्याला वीस साल भरून राहिले. दोघांच्या चिठ्ठ्या डब्यात हायत. ज्याची प्रत्येक ओळ खरी निघंल, गाळा त्याचा. एक बी ओळ चुकली तर दावा सोडायचा. फाट्यावरचा माणूस असाच. कोर्टाचं ऐकणार न्हाई, पर हॉटेलातल्या टेबलावरचं ठरलेलं मोडणार न्हाई. युसूफभाई म्हटला, मला कबूल हाय. मी बी कबूल म्हटलं.

कबूल म्हटलं खरं, पर मला माझी चिठ्ठी आठवंना. तुमी सांगा, वीस सालाखाली तुमी काय बरळला व्हता, तुमाला आठवंल का? मी हिरासिंगला म्हटलं, डबा गंजून राहिला, ऑइलचा हात फिरवून आणतो. सगळ्यांदेखत डबा घेऊन घरी आलो. कोणी शक घेतला न्हाई.

डबा तापवून उघडला. माझी चिठ्ठी पहिली वाचली. लिवलं व्हतं, ‘मोबाइल हे श्रीमंताचं खेळणं. आपल्या भागात त्याला रेंज कधी येणार न्हाई. पाच सालात बंद. एसटीडी बूथ गल्लोगल्ली लागतील. माझे चार बूथ होतील, फाटा, बाळापूर, हट्टा, कुरुंदा.’ असा उंटावरचा शहाणा मी.

मग युसूफभाईची उघडली. पहिली ओळ, ‘टाइम बघायला लोक घड्याळ बांधणार न्हाईत, शोभेला बांधतील.’ दुसरी, ‘फोन इतका स्वस्त होईल की मेंढरामागं फिरणारा ज्ञानबा बी खिशात ठेवील.’ तिसरी, ‘वस्तू बिघडली तर दुकानदार दुरुस्त करणार न्हाई, नवी घ्या म्हणंल.’ चवथी ओळ मागून सांगतो. पहिल्या तीन वाचल्या तवाच कळलं की गाळा गेला. ज्याला सरकारचं मशीन वळखत न्हाई त्या माणसानं वीस सालाखाली खोक्यात बसून हे सगळं बघितलं व्हतं, आन् मी त्याच्या तोंडून ऐकून लिवताना मनात हसत व्हतो.

ज्या वहीतनं तवा चिठ्ठ्यांची पानं फाडली व्हती तिचीच कोरी पानं माळ्यावर सापडली, कडंनं पिवळी पडलेली. शाई निळीच. मी दोन नव्या चिठ्ठ्या लिवल्या. माझ्या नावावर त्याच्या पहिल्या तीन ओळी. त्याच्या नावावर माझं मोबाइलचं बरळणं, बूथच्या जागी घड्याळाचं दुकान घालून. माझ्या नावाखाली उजवा अंगठा लावला, त्याच्या नावाखाली डावा, जुन्या चिठ्ठीच्या खाली नजर बी न टाकता. दाबून, बेतानं, नीट उठंल असा. रोज दोनशे अंगठे उठवणारा माणूस मी, मला काय शिकवता? डबा नांदेडला नेऊन झाळून आणला आन् फळीवर ठेवला. मग घरी बसून माळ बी ओवली. मेलेले मोबाइल, दोन कॅसेटा, एक पेजर, एसटीडी बूथचा जुना रिसीव्हर. प्रभू म्हटला, अप्पा, ही कोणासाठी? मी म्हटलं, नशिबात असंल त्याच्यासाठी.

पाडव्याला फाट्यावर मरणाची गर्दी. बायका बी आल्या व्हत्या. युसूफभाईची बायको नजमाभाभी आन् फरहीन कडुलिंबाच्या बाजूला उभ्या. रमजान चालू व्हता, एकोणतिसावा रोजा. युसूफभाईचे ओठ वाळलेले, पर टोपी नवी, कपडे इस्त्रीचे. ज्यानं झाळला त्यानंच उघडायचा म्हून हिरासिंगनं डबा त्याच्या हातात दिला.

त्यानं डबा फिरवून बघितला. सांध्यावरनं अंगठा नेला. मग खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आन् सांधा बघितला. ते झाळकाम त्याचं न्हाई हे त्याला पहिल्या नजरेत कळलं असणार. त्यानं भिंग काढलं, माझ्याकडं बघितलं, आन् मलाच ऐकू जाईल असं विचारलं, “डबा गंजला व्हता का, इश्वंभरभाऊ?”

मी म्हटलं, व्हय.

तो म्हटला, बराबर हाय. आन् डबा उघडून चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याच हातात दिला.

वाचायचा मान माझाच व्हता, आवाज माझा खणखणीत. हिरासिंगची वाचली, चहा दोन रुपयांच्या वर जाणार न्हाई म्हून. आता दहाला देतो, लोकांनी त्याला धू धू धुतला. रामप्रसाद कॅसेटवाला, त्यानं लिवलं व्हतं कॅसेटला मरण न्हाई. आज तो अंडाभुर्जी विकतो. पद्माबाईनं लिवलं व्हतं की काचेच्या बांगड्या कोणी सोडणार न्हाई, आन् तिच्याच हातात प्लास्टिकचं कडं. लोकांना हसून हसून खोकला आला. वीस साल जुन्या येडेपणाला हसण्यात लई मजा असते, कारण नवा येडेपणा कोणता ते कोणाला ठाऊक नसतं.

मग माझी काढली. आवाज बारीक करून, जसा काय मलाच नवल वाटतंय, अशी वाचली. ज्ञानबाची ओळ आली तवा ज्ञानबानं खिशातला फोन काढून वर धरला. त्याचे बोकड व्हिडिओवर बघून हैदराबादचे व्यापारी घेतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरासिंग म्हटला, इश्वंभर, तू जोशीबुवाचा बी बाप निघाला. मला लाज वाटायला पाहिजे व्हती. न्हाई वाटली, छाती फुगली.

शेवटी युसूफभाईची. ‘मोबाइल हे श्रीमंताचं खेळणं. आपल्या भागात त्याला रेंज कधी येणार न्हाई. पाच सालात बंद. माझी घड्याळाची चार दुकानं होतील.’ एका ओळीला एक हशा. फाटा नुसता गडबडा लोळला. ट्रक थांबवून ड्रायव्हर बघायला लागले.

युसूफभाई उभा ऱ्हायला. म्हटला, “हे मी बोललो न्हाई.”

मागून कोणतरी म्हटलं, चुकलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. परत हशा. तिथं मी गप बसलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती. पर माझी जीभ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. चिठ्ठी सगळ्यांसमोर वर धरून मी बोललो, “अंगठा तर तुमचाच हाय, युसूफभाई. बघा, रेघ न् रेघ दिसते.”

तो माझ्याकडं बघत ऱ्हायला. मी माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. जड व्हती, रिसीव्हर त्याच्या पोटावर आपटला. हिरासिंगनं किटली आणून दिली. कोणाच्या तरी ध्यानात आलं, म्हटलं, आरं त्याचा रोजा हाय. मी म्हटलं, त्याला कुठं प्यायला सांगितलं, वाटायला सांगितलं. आन् त्यानं वाटला. वाळलेल्या ओठांनी, गळ्यात मेलेले मोबाइल खुळखुळत, टेबलाटेबलावर जाऊन प्रत्येकाच्या कपात चहा ओतला. थेंब सांडू दिला न्हाई, घड्याळवाल्याचा हात तो. फरहीन बघून राहिली व्हती. तिच्याजवळनं जाताना त्यानं गळ्यातल्या माळेकडं बोट केलं आन् हळूच म्हटलं, बेटा, ह्यातले दोन चालू होण्यासारखे हायत.

माझ्या कपात ओतताना बी त्याचा हात कापला न्हाई. मला तेच लागलं. म्हातारा रडला असता, भांडला असता, तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात नजमाभाभी टेबलापाशी आली. ह्या बाईला मी तीस साल वळखतो, चार माणसांत कधी तोंड उघडलेली न्हाई. तिनं चिठ्ठी उचलली. वाचता तिला बी येत न्हाई. ती नुसती अंगठ्याकडं बघत उभी ऱ्हायली. लोकांनी कप तोंडाला लावले व्हते. मग ती बोलली, हळू, पर हॉटेलात सगळीकडं ऐकू गेलं.

“भाऊ, तीन साल झाले, तुमच्या मशीनवर ह्यांचा अंगठा उठत न्हाई. तुमीच सगळ्यांसमोर सांगता, रेघा न्हाईत म्हून. मग ह्या रेघा कोणाच्या?”

मी म्हटलं, वीस सालाखाली असतील की रेघा. म्हटलं आन् हिरासिंगच्या तोंडाकडं बघितलं. त्याला गुळाचा डाग आठवला व्हता. त्याच्या तोंडावर सरळ दिसत व्हतं. रामप्रसादला आठवला व्हता, ज्ञानबाला आठवला व्हता, त्या दिवशी हसलेल्या प्रत्येकाला आठवला. सगळे माझ्या हाताकडं बघायला लागले. मी डावा हात खिशात घातला. घालायला नको व्हता, पर हात आपसूक गेला. प्रभूनं ते बघितलं.

आता ऐका पुढं काय झालं ते. तुमाला वाटंल लोक उठले असतील, माझ्या थोबाडीत मारली असंल, माळ काढून माझ्या गळ्यात घातली असंल. कोणी उठलं न्हाई. हिरासिंगच्या आईचा निराधारचा पगार माझ्या मशीनवरनं निघतो. रामप्रसादचा पीकविमा माझ्याकडं अडकलेला. ज्ञानबाच्या नातवाचा जातीचा दाखला माझ्या टेबलावर. प्रत्येकाचा एक ना एक अंगठा माझ्या मुठीत. हिरासिंगनं घसा साफ केला, खाली बघितलं आन् म्हटलं, “वाचलं ते वाचलं. परत कोण वीस साल थांबतंय.” मग त्यानं कप उचलला. मग रामप्रसादनं उचलला. मग एकेकानं उचलला. तो चहा युसूफभाईनंच वाटलेला व्हता.

युसूफभाईनं किटली खाली ठेवली. माळ सोताच काढली, गुंडाळली आन् फरहीनच्या हातात दिली. नजमाभाभीकडनं चिठ्ठी घेऊन टेबलावर ठेवली, वर पेला ठेवला, उडून जाऊ नये म्हून. तिघं चालत गल्लीत गेले. दुसऱ्या दिवशी ईद झाली. दर सालाला त्याच्या घरचा शीरखुर्मा माझ्या घरी यायचा. त्या सालाला बी आला. फरहीन डबा देऊन गेली, चाचींना द्या म्हटली. माझ्या बायकोनं तो तसाच्या तसा झाकून ठेवला, खाल्ला न्हाई, फेकला न्हाई, आंबला तवा धुतला.

पंधरा दिवसांत ते हट्ट्याला गेले.

गाळा मला भेटला. ‘प्रभू मोबाइल’ म्हून लाइटची पाटी लावली. त्या दिवशी पाडव्याला घरी आल्यावर प्रभू एकच बोलला व्हता, अप्पा, डावा हात दाखवा. मी दाखवला न्हाई. तवापासून तो गाळ्यावर जातो, बसतो, येतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. दुरुस्ती त्याला येत न्हाई. गिऱ्हाईक फोन घेऊन आलं की म्हणतो, नवा घ्या. लोक नवा घेत न्हाईत, हट्ट्याची बस धरतात. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात बाप-लेकीचं टेबल हाय, तिथं रांग असते म्हणतात. प्रभूला दोन स्थळं आली. दोन्ही फाट्यावर हिरासिंगच्या हॉटेलात चहाला थांबली आन् तिथनंच माघारी गेली. माझ्या तोंडावर कोणी काही बोलत न्हाई. बोलायची हिंमत न्हाई कोणाची. माझ्या मागं मात्र सगळ्यांच्या तोंडात जीभ हाय.

म्हणा मला वाईट. पर मी एक काम केलं न्हाई. नव्या चिठ्ठ्या लिवल्या त्याच दिवशी जुन्या दोन चुलीत घालायला काढल्या व्हत्या. माझी घातली. त्याची हातात धरून बसलो, घालवंना. अजून पाकिटात हाय. वर माझं मोत्यावानी अक्षर आन् खाली तो निळा डाग, बिनरेघांचा.

चवथी ओळ मागून सांगतो म्हटलं व्हतं ना. दोन हजार पाचला माझ्या बूथच्या बाकड्यावर बसून, माझ्या तोंडाकडं बघत, हसत त्यानं ती सांगितली व्हती, आन् मी बी हसत लिवली व्हती. ‘वीस सालांनी डबा उघडंल तवा इश्वंभरभाऊच वाचतील, आन् जे लिवलंय तेच वाचतील. जिभेचा तिखट हाय, पर माणूस खोटा न्हाई.’

म्हंजे बघा. ठरल्याप्रमाणं, एक बी ओळ चुकली तर दावा सोडायचा. त्याच्या तीन ओळी बराबर निघाल्या, आन् चवथी चुकली. लिवलंय ते मी वाचलं असतं तर चारी बराबर आल्या असत्या.